मेल स्पॅममध्ये का गेला? अंदाज नको, हेडर वाचा

मागच्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यासाठी आम्ही एक मार्गदर्शन शिबिर घेतले. कागदपत्रांची यादी आणि शेवटची तारीख संस्थेच्या वेबसाइटवरून सर्व विद्यार्थ्यांना मेल केली होती. शिबिराला निम्मेच आले. बाकीच्यांना फोन केला तर एकच उत्तर : "मेल आलाच नाही." मेल गेला होता, पण तो स्पॅममध्ये पडून होता. काहींना उत्पन्नाचा दाखला वेळेत काढता आला नाही आणि त्यांचा अर्ज राहिला.

बैठकीत पहिला सूर निघाला, "आपले नाव बघूनच अडवले असणार." आपल्या अनुभवामुळे असा संशय येणे स्वाभाविक आहे. पण पुरावा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, हेही आपण कामातूनच शिकलो आहोत. इथे पुरावा असतो मेलच्या हेडरमध्ये.

हेडर म्हणजे काय?

टपालाच्या पाकिटावर प्रत्येक पोस्टाचा शिक्का बसतो, तसे मेल ज्या ज्या सर्व्हरवरून जातो तो सर्व्हर आपली नोंद करतो. या नोंदी म्हणजे हेडर. ज्याच्याकडे मेल स्पॅममध्ये गेला, त्याच्या खात्यातूनच तो पाहावा लागतो. जीमेल संगणकावर उघडा, मेलच्या उजव्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर क्लिक करा आणि 'शो ओरिजिनल' निवडा.

'रिसीव्हड' अशा ओळी खालून वर वाचायच्या, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर जोडतो. त्यांतल्या खालच्या ओळी खोट्या घालता येतात. म्हणून मेल घेणाऱ्या कंपनीने स्वतः जोडलेल्या वरच्या ओळींवरच भिस्त ठेवा.

तीन तपासण्या

'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' ही ओळ सर्वांत महत्त्वाची. तिथे तीन नावे दिसतात.

एसपीएफ : या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे, याची यादी डोमेनचा मालक जाहीर करतो. मेल यादीतल्या सर्व्हरवरून आला का, ते इथे कळते. ही तपासणी 'रिटर्न-पाथ' या पत्त्यावर होते, समोर दिसणाऱ्या 'फ्रॉम'वर नाही.

डीकेआयएम : मेलवरची डिजिटल सही. वाटेत मजकूर बदलला तर ही सही जुळत नाही.

डीमार्क : 'फ्रॉम'मधले डोमेन वरच्या दोनपैकी किमान एका पास झालेल्या तपासणीशी जुळते का, हे पाहते. जुळले नाही तर मेलचे काय करायचे, हेही डोमेनचा मालक इथेच सांगून ठेवतो.

आमच्या मेलमध्ये एसपीएफपुढे 'सॉफ्टफेल' होते आणि डीकेआयएमची सही नव्हतीच. संस्थेचा रोजचा मेल एका सेवेवरून जातो, पण हा मेल वेबसाइटच्या होस्टिंग सर्व्हरवरून गेला होता. त्या सर्व्हरचे नाव आमच्या यादीत कोणी घातलेच नव्हते. म्हणजे नाव आमचे, पण ओळखपत्र नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम आवश्यक केले आहे. दिवसाला ५००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात.

दुरुस्ती

डोमेनच्या डीएनएस नोंदीत आम्ही होस्टिंग सर्व्हरची भर घातली. इथे एक चूक टाळा : दुसरी एसपीएफ नोंद बनवू नका, आहे त्यातच भर घाला. एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी झाल्या की तपासणीच बाद होते. मग डीकेआयएम सुरू केले आणि डीमार्कची साधी नोंद टाकली. नंतर स्वतःच्याच दोन-तीन खात्यांवर मेल पाठवून हेडर पुन्हा वाचले.

तिन्ही पास असूनही मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर अनेक वेबसाइट असतात. शेजाऱ्याने कचरा पाठवला की बदनामी सर्वांची होते. न विचारता यादीत घातलेले लोक 'स्पॅम' बटण दाबतात, तेही मोजले जाते. उलट बाजूही लक्षात ठेवा : पास म्हणजे पाठवणारा प्रामाणिक, असे नाही. फसवणारेही स्वतःच्या डोमेनवर या तपासण्या पास करून घेतात.

मेल दारातच नाकारला गेला असेल तर समोरच्याकडे हेडर नसतोच. अशा वेळी आपल्याकडे परत आलेला निरोप वाचा. त्यातला ५ने सुरू होणारा कोड म्हणजे कायमचा नकार, ४ने सुरू होणारा म्हणजे तात्पुरती अडचण.

हेडरमध्ये लोकांचे मेल पत्ते असतात, म्हणून तो जसाच्या तसा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. आणि ज्या मेलवर एखाद्याचे वर्ष अवलंबून आहे, तो पाठवल्यावर फोनही करा. आम्ही आता तसेच करतो.