खडीच्या खाणीत पुन्हा माती

सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे खांडबारा हे नवापूर तालुक्यातले गाव. या भागाच्या नकाशात पूर्व-पश्चिम धावणाऱ्या अरुंद, काळ्या टेकड्यांच्या रांगा दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी शिलारस भेगांत शिरून थिजला, त्याच्या या भिंती. भूशास्त्रात त्यांना 'भित्ती' म्हणतात. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक भित्तींची नोंद झाली आहे आणि सर्वांत लांब भित्ती जवळपास ८० किलोमीटरची आहे. शेजारचा खडक झिजून गेला, भित्तीचा दगड टिकला. खडी फोडणाऱ्याला असाच कठीण दगड हवा असतो. भरावासाठी लागणारा मुरूम मात्र उतारावरच्या कुजलेल्या काळ्या खडकातून निघतो.

दगड-मुरूम नेल्यावर खड्डा उरतो. तो लहान शेतकऱ्याच्या तुरीच्या किंवा भाताच्या तुकड्याला लागून असला, तर दर पावसाळ्यात कडा ढासळून तुकडाही थोडा थोडा खड्ड्यात जातो. यावर नेहमीचा उपाय म्हणजे झाडे लावणे. रोपे येतात, समारंभ होतो, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात काड्या उरतात. दोष पाणी न घालणाऱ्यावर जातो. तो नेहमीच खरा नसतो.

खाणीच्या तळाशी काय आहे, हे आधी पाहू. आपल्या काळ्या खडकात जवळपास निम्मी सिलिका असते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह भरपूर असतात, फॉस्फरस आणि पोटॅशही थोडे असते. म्हणजे वनस्पतीला लागणारी बहुतेक खनिजे दगडात आहेत. एकच मोठी गोष्ट जवळजवळ नाही, ती म्हणजे नायट्रोजन. मातीतला नायट्रोजन मुख्यतः हवेतून, जिवाणूंच्या हातून येतो आणि सेंद्रिय पदार्थात साठत जातो. हा साठा प्रामुख्याने वरच्या वीतभर थरात असतो. खाणीत सर्वांत आधी खरवडून फेकला जातो तोच थर. त्याच्याबरोबर गांडुळे, बुरश्या, बीजही जाते. उरलेला मुरूम जाडा असल्याने पाणी धरत नाही, आणि जिथे ट्रकच्या चाकांनी तळ दाबला गेला आहे तिथे मूळ खाली उतरत नाही. त्याच जागी श्रावणात पाणी तुंबते आणि माघात भेगा पडतात.

मग बाहेरून माती आणावी, असे कोणीही म्हणेल. हिशेब करून पाहू. एका हेक्टरवर १५ सेंटिमीटर थर द्यायचा, तर १,५०० घनमीटर, म्हणजे साधारण २,००० टन माती लागेल. दहा टनी ट्रकच्या २०० खेपा! ती येणार दुसऱ्या कुणाच्या तरी शेतातून, म्हणजे एक खड्डा बुजवायला दुसरा खड्डा. म्हणून खरे काम पहिल्या दिवशीच करायचे असते. वरचा थर वेगळा काढावा, फार उंच ढीग न करता पसरून ठेवावा आणि त्यावर ताग पेरावा. उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही आणि तिथले जीव मरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज खाणींनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. परंतु वाहून गेलेली माती मंजुरीच्या कागदाने परत येत नाही.

ज्या जुन्या खाणींत माती उरलेलीच नाही, तिथे ती तयार करावी लागते. नागपूरच्या नीरी संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर हे करून दाखवले. त्यांनी साखर कारखान्यातला प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा चोथा) मिसळला आणि रोपांच्या मुळांशी नायट्रोजन बांधणारे जिवाणू व मुळांना फॉस्फरस मिळवून देणारी बुरशी दिली. नंदुरबार जिल्ह्यात ऊस होतो, तेव्हा प्रेसमड दूरचा नाही. आधी तळ नांगराने फोडावा, मग गवत आणि ताग, आणि नंतर खैर, शिरीष, करंज, शिसव अशी झाडे घ्यावीत. शेंग दिसली की नायट्रोजन आला, अशी एक समजूत पाठ्यपुस्तकांनी रुजवली आहे. बहावा आणि चिंच शेंगांची झाडे असूनही त्यांच्या मुळांवर गाठी येत नाहीत.

केनियात मोंबासाजवळ सिमेंट कारखान्याच्या चुनखडीच्या खाणीत रेने हालर यांनी १९७१ पासून असेच काम केले. तिथे सुरूची झाडे तगली. सुरूच्या मुळांवरही नायट्रोजन बांधणाऱ्या गाठी असतात. पण खाली पडलेला पाला कुजेना, कारण तो टॅनिनमुळे तुरट असतो. शेवटी तो खाणारे लाल पायांचे वाणी, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात स्पर्श होताच गुंडाळी करून बसणाऱ्या किड्यांचे भाऊबंद, तिथे सोडले. पाल्याची त्यांनी केलेली विष्ठा हीच तिथली पहिली माती.

शाळेत याचा पडताळा सोपा आहे. विद्यार्थ्यांना खाणीच्या काठाशी नेऊ नये, मुरूम मोठ्यांनी आणावा. तीन कुंड्या घ्याव्यात: पहिलीत नुसता मुरूम, दुसरीत मुरूम आणि शेणखत, तिसरीत शेतमाती. प्रत्येकीत ज्वारी आणि चवळी पेरावी. सहा आठवड्यांनी पहिल्या कुंडीतल्या ज्वारीची खालची पाने आधी पिवळी पडलेली दिसतील, कारण नायट्रोजन कमी पडला की रोप तो जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देते. चवळी उपटून मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवावीत आणि गाठी मोजाव्यात. एक गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी असेल तर ती काम करते आहे. मुरमातल्या रोपाला गाठीच नसतील तर त्या जातीचा जिवाणू तिथे नाही. पुढच्या वेळी त्या कुंडीत चवळीच्या शेतातली चिमूटभर माती टाकून पुन्हा पेरावे.