ठेच उजव्या पायाला, ढिलाई डाव्या खुब्यात

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर मानपाड्याहून वाघबीळकडे पायी निघालात की एका कडेने उचकटलेला पेव्हर ब्लॉक भेटणार, हे ठरलेले. तो वर आलेला असतो फार तर दोन सेंटिमीटर. तेवढ्यावरही ठेच लागते आणि आपण आपल्याच वेंधळेपणाला बोल लावतो. माझ्या मते हा बोल अन्यायाचा आहे.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे डेव्हिड विंटर यांनी १९९२ साली पावलांचे मार्ग मोजून दाखवले. पुढे झुलणारा पाय जमिनीच्या सर्वांत जवळून जातो, तेव्हा अंगठ्याखाली सरासरी १.३ सेंटिमीटर जागा उरते. आणि नेमके तेव्हाच पाऊल जवळजवळ पूर्ण वेगात असते. पाय याहून उंच उचलायचा तर शक्ती जास्त खर्च होते. शरीर पक्के कंजूष.

ही जागा राखण्यात घोटा आणि गुडघा तर असतातच, पण मोठा वाटा दुसऱ्याच पायाच्या खुब्याचा. उजवा पाय उचलला की धडाचा भार डाव्या खुब्यावर येतो आणि कंबर उजवीकडे कलंडू पाहते. तिला सावरतो डाव्या नितंबाच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू, ग्लुटियस मीडियस. तराजूची एक दांडी आखूड असावी तशी त्याची स्थिती: सांध्यापासून तो जवळ, शरीराचे वजन दूर. म्हणून त्याला वजनाहून जास्त जोर लावावा लागतो. वजन आणि हा जोर मिळून सांध्यावर येतात. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम खुब्यांत संवेदक बसवून हा भार मोजला, तेव्हा साध्या चालण्यातही तो वजनाच्या सुमारे २.४ पट भरला. म्हणजे साठ किलोंच्या माणसाला १४० किलोंच्या घरात.

हा स्नायू दुबळा पडला की उचललेल्या बाजूची कंबर खचते. जर्मन शल्यविशारद फ्रिडरिख ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये ही खूण नोंदवली. कंबर खचली की त्या बाजूचे पाऊलही खाली येते आणि १.३ सेंटिमीटरमधला बराच भाग तिथेच संपतो. काहीजण मग धड उभ्या पायाकडे झुकवून डुलत चालतात.

सोसायट्यांच्या फाटकांसमोर पदपथ रस्त्याकडे तिरका उतरतो, तिथे धडधाकट माणसाचीही कसोटी असते. वरच्या बाजूचा पाय जणू लांब होतो आणि गुडघा जास्त वाकवल्याशिवाय पुढे जात नाही. समोरचा अडथळा दिसला तर मेंदू साधारण दोन पावले आधीच पाय उचलण्याची तयारी करतो. मात्र बांधकामाच्या पत्र्यांच्या आडोशाने अरुंद झालेल्या वाटेवर पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसते.