तुझा नंबर, दुसऱ्याची परवानगी

इंटर्नशिपसाठी एका कंपनीत फोन लावला होता. उचलला नाही. दहा मिनिटांनी तिकडून कॉल आला आणि एचआर मॅडमनी जरा अडखळत विचारलं, "आपण... पप्पू टीटी बोलताय का?"

माझं नाव पप्पू नाही. पण हॉस्टेलवर टेबल टेनिस खेळायचो, तेव्हा कुणीतरी मला या नावाने सेव्ह केलं होतं. त्या कुणीतरीने कधीतरी 'कोण फोन करतंय' सांगणारं एक अ‍ॅप टाकलं, आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागितल्यावर 'अलाऊ' दाबलं. झालं. त्या अ‍ॅपच्या लेखी मी कायमचा पप्पू टीटी.

आमच्या ग्रुपवर हा किस्सा आठवडाभर चालला. सगळे हसले. एक मैत्रीण मात्र हसली नाही.

तिने मागच्या वर्षी नंबर बदलला होता. एक सीनियर रात्री-अपरात्री मेसेज करायचा. ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून पुन्हा सुरू. नवा नंबर तिने मोजून वीसेक जणांना दिला. पुढे फेस्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तिला यावं लागलं, तेव्हा डीपी काढला आणि नावाच्या जागी नुसता एक टिंब ठेवला. तोही त्या ग्रुपमध्ये होता. अनोळखी नंबर दिसला म्हणून त्याने तो एका अ‍ॅपवर टाकून बघितला. पूर्ण नाव, ब्रँच, इयर, सगळं हजर! वीस विश्वासू माणसांपैकी एकाने तिला तसं नीट, शिस्तीत सेव्ह केलं होतं. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला हे कळलंही नसेल.

आपल्या आईबाबांच्या काळात लँडलाइनची जाडजूड डिरेक्टरी असायची. नाव, पत्ता, नंबर सगळं छापील. डिरेक्टरीत सापडलं नाही तर १९७ फिरवून विचारायचं. तेव्हा कुणाला त्यात काही वाटायचं नाही, कारण फोन घराचा होता. उचलणारे आजोबा असायचे. आता फोन एकेका माणसाचा आहे, तो उशाशी असतो, आणि बँकेचा ओटीपीही त्याच नंबरवर येतो.

मोबाइलची डिरेक्टरी काढायचा प्रयत्न ब्रिटनमध्ये २००९ साली झाला होता. ११८८०० नावाची सेवा होती ती. तिच्याकडे सुमारे दीड कोटी मोबाइल नंबर होते, आणि ते बाजारात माहिती विकणाऱ्यांकडून विकत घेतलेले. म्हणजे ज्यांचे नंबर, त्यांना या डिरेक्टरीत यायचंय का, हे आधी कुणी विचारलेलंच नव्हतं. गंमत म्हणजे ही सेवा नंबर थेट सांगणारही नव्हती. ती तुमच्या वतीने समोरच्याला विचारणार होती आणि मग कॉल जोडून देणार होती. तरीही लोक भडकले. आपलं नाव काढून टाका म्हणणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली की वेबसाइट कोलमडली, आणि जुलैमध्ये सेवा थांबवावी लागली.

त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये ट्रूकॉलर सुरू झालं. आज त्याचे सगळ्यात जास्त वापरकर्ते भारतात आहेत. का, ते आपण जाणतोच. क्रेडिट कार्डवाले, 'डिजिटल अरेस्ट'वाले, लोनवाले. फोन उचलण्याआधी नाव कळलं तर जीव वाचतो. मीसुद्धा असं अ‍ॅप वापरतो, उगाच साळसूदपणा कशाला?

प्रश्न आहे तो संमतीचा. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती मोकळेपणाने दिलेली, नेमकी आणि स्पष्ट असावी असं म्हटलंय. छान. पण कॉन्टॅक्ट लिस्ट शेअर करताना 'अलाऊ' तू दाबतोस आणि माहिती माझी जाते. माझ्या स्क्रीनवर तर काही आलंच नाही. ज्याचा नंबर, त्याला विचारायचं राहूनच गेलं! स्वतःपुरती फोनमध्ये नंबरांची यादी ठेवणाऱ्या माणसाला हा कायदा लागू होत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण ती यादी कंपनीकडे गेली की ती घरगुती वही राहत नाही.

काही अ‍ॅप्सवर नंबर काढून टाकता येतो. ट्रूकॉलरच्याही वेबसाइटवर 'अनलिस्ट'ची सोय आहे. तुमचं तिथे खातं असेल तर आधी ते बंद करावं लागतं. म्हणजे ज्या दुकानात मी कधी गेलोच नाही, तिथेही 'माझं नाव खोडा' म्हणून मीच अर्ज करायचा.

आता मोबाइल कंपन्यांनीच फोन करणाऱ्याचं नाव दाखवावं, असं ठरतंय. ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये तशी शिफारस केली. नाव सिम घेतानाच्या फॉर्मवरचं. पप्पू टीटीचा प्रश्न मिटेल. पण आपल्यापैकी किती जणांचं सिम स्वतःच्या नावावर आहे? माझं बाबांच्या नावावर आहे. पुढच्या वेळी एचआर मॅडम मला 'काका' म्हणतील. आणि माझ्या मैत्रिणीचं काय? रिक्षावाल्याला, पार्सलवाल्याला, रूम दाखवणाऱ्या एजंटला एक फोन केला की तिचं खरं नाव त्यांच्या स्क्रीनवर. फसवणूक थांबायला हवी हे तिलाही मान्य आहे. तिचं म्हणणं एवढंच, की मला आधी विचारा.

तिने पुन्हा नंबर बदललाय. या वेळी मला देताना आधी माझा फोन हातात घेतला, कोणत्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्स दिलेत ते सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, तीन ठिकाणची परवानगी बंद केली आणि मग स्वतःला सेव्ह केलं, 'गॅस एजन्सी' म्हणून.

परवा आईने माझ्या फोनवरून तिला सिलिंडर बुक करायला सांगितलं.