दोन घरं, एक धागा

लुइझियाना : अमेरिकेतील लाप्लेस इथल्या वुडलँड मळ्यात ऊस पिकायचा, राबायचे ते गुलाम. 8 जानेवारी 1811 रोजी चार्ल्स देलाँद याच्या नेतृत्वाखालचा उठाव याच मळ्यातून सुरू झाला. 1886 मध्ये तिथेच जॅझचा आद्य ट्रॉम्बोनवादक किड ओरी जन्मला. पुढे मळ्यातील घरात जॅझ आणि गुलामगिरी, दोन्हींचं संग्रहालय झालं.

पुणे : गंज पेठेतला महात्मा फुले वाडा. ‘गुलामगिरी’ (1873) हे पुस्तक इथे राहणाऱ्या जोतीराव फुल्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलं. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला.

हौद : 1868 मध्ये वाड्यातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला झाला.

गाणं : जॅझने मळ्यातलं दुःख सुरात आणलं, तसं सत्यशोधक समाजाच्या जलशाने, म्हणजे गाण्या-संवादांच्या कार्यक्रमाने, तमाशाचा बाज घेऊन जातिभेदावर बोट ठेवलं.

निलंगा : सक्तीच्या श्रमाचा हाच धागा इथेही सापडतो. निजामाच्या काळात हा तालुका हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होता. संस्थानातली वेठबिगार, म्हणजे बिनमजुरीची सक्तीची राबणूक, इथल्या जुन्या पिढीने भोगली. संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी भारतात सामील झालं.