इंजिन मळवण्याची कला

नव्याकोऱ्या वस्तूला हौसेने घाण फासणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी त्यातलाच एक. रेल्वेच्या डिझेल इंजिनाचे चकचकीत मॉडेल मी विकत आणतो, आधी ते कापतो, मग त्याचा रंग उतरवतो, नवा रंग देतो आणि तो नीट वाळला की त्यावर काजळी, गंज, तेलाचे ओघळ आणि धूळ चढवतो. घरच्यांना हा शुद्ध वेडेपणा वाटतो. पण या वेडात एक शिस्त आहे, थोडे विज्ञान आहे आणि थोडा इतिहासही आहे. त्याविषयी आज सांगणार आहे.

आधी मापाचे बोलू. जगात सर्वांत जास्त चालणारे मॉडेल रेल्वेचे माप ‘एचओ’ या नावाने ओळखले जाते. त्यात प्रत्येक वस्तू मूळच्या ८७व्या हिश्श्याएवढी असते. मी ज्या इंजिनाच्या मागे लागलो आहे ते म्हणजे आपले डब्ल्यूडीएम-२. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि मालगाडी अशी दोन्ही कामे करणारे. अमेरिकेतल्या ‘अल्को’ कंपनीची ही रचना १९६२ साली भारतात आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ही इंजिने तयार होऊ लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. अडीच हजारांहून अधिक बांधली गेली. तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या जवळजवळ प्रत्येकाने या इंजिनामागे बसून कधी ना कधी प्रवास केलेला असणार. खऱ्या इंजिनाची लांबी १७.१२ मीटर, म्हणजे मॉडेल होते साधारण पावणेवीस सेंटिमीटरचे. शाळकरी पट्टीपेक्षाही लहान.

अडचण अशी की हे इंजिन तयार स्वरूपात सहज हाती लागत नाही. म्हणून रूपांतर करावे लागते. अल्कोने अमेरिकेत चालवलेल्या सहा आसांच्या ‘आरएसडी’ मालिकेतल्या इंजिनांची मॉडेले मिळतात. त्यांच्या बोगीत तीन आस सारख्या अंतरावर नसतात. दोन जवळ आणि तिसरा जरा लांब. आपल्या डब्ल्यूडीएम-२ची बोगीही त्याच घराण्यातली. त्यामुळे मोटर, गिअर आणि चाके अमेरिकन चुलतभावाची घ्यायची आणि वरचे अंग प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून नवे बांधायचे. दोन्ही टोकांना बफर आणि स्क्रू कपलिंग लावले की अमेरिकन चेहरा जाऊन आपला चेहरा दिसू लागतो.

एक तडजोड मात्र राहतेच. आपल्या ब्रॉडगेजचे दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर. त्याचा ८७वा हिस्सा सव्वाएकोणीस मिलिमीटर होतो. बाजारातला रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचा, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजसाठी केलेला. त्यामुळे माझे इंजिन किंचित पाय जुळवून उभे राहिल्यासारखे दिसते. बाजूने पाहिले तर कळत नाही, आणि मी ते पाहुण्यांना बाजूनेच दाखवतो!

आता रंग. मॉडेलवर रंगाचा एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर बसला, तर खऱ्या इंजिनाच्या हिशेबात तो जवळजवळ नऊ मिलिमीटरचा लेप होतो. दारांच्या कडा, रिव्हेट, जाळ्या सगळे त्यात बुडून जाते. म्हणून जुना रंग आधी उतरवायचा. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल उपयोगी पडते, मात्र ते आधी आतल्या बाजूला थेंबभर लावून प्लॅस्टिक सोसते का ते पाहावे. मग भांड्यांच्या साबणाने धुवायचे, वाळवायचे आणि त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावायचा नाही. बोटाचा तेलकटपणा असेल तिथे रंग धरत नाही.

राखाडी प्रायमरचा हलका हात, त्यावर रंगाचे तीन-चार विरळ हात. रंगात थोडा पांढरा मिसळावा, कारण लहान वस्तूवर तोच रंग मूळपेक्षा गडद दिसतो. पट्ट्यासाठी चिकटपट्टी लावली की तिच्या कडेवरून आधी खालचाच रंग फिरवावा, म्हणजे फटी बुजतात आणि वरचा रंग आत झिरपत नाही. क्रमांक आणि शेडचे नाव पाण्यात भिजवून चिकटवायच्या डीकलचे असते. ते तुळतुळीत वार्निशवर बसवायचे आणि शेवटी मंद वार्निशचा हात द्यायचा. पावसाळ्यात स्प्रे मारू नये. हवेतला दमटपणा वार्निशवर बसतो आणि ते पांढरट पडते. घरात काम करत असाल तर खिडकी उघडी ठेवा आणि तोंडावर चांगला मास्क लावा.

इथवर सगळी कारागिरी झाली. यापुढचा भाग म्हणजे ‘वेदरिंग’, ऊनपावसाच्या आणि कामाच्या खुणा उमटवणे. नवशिक्याला वाटते, ब्रश घ्यावा आणि तपकिरी रंग फासावा. तसे केले की इंजिन चिखलात पडल्यासारखे दिसते. कारण खऱ्या इंजिनावरचा प्रत्येक डाग कशामुळे तरी पडलेला असतो आणि त्याची जागा ठरलेली असते.

काजळी घ्या. ड्रायव्हरने नॉच वाढवला की इंधन लगेच वाढते, पण टर्बोचार्जरला वेग घेऊन जादा हवा पुरवायला काही क्षण लागतात. तेवढ्यात डिझेल अर्धवट जळते आणि काळा लोट उठतो. अल्को इंजिनांची ही ओळखच होती. म्हणून धुराड्याभोवतीचे छत काळेकुट्ट हवे. या इंजिनाला एकच कॅब, आणि ते दोन्ही दिशांनी धावायचे. म्हणजे काजळी धुराड्याच्या एकाच बाजूला दाखवून चालत नाही.

बोगीवरचा तपकिरी रंग म्हणजे ब्रेकचा भुगा. बिडाचे ब्रेक ब्लॉक चाकावर घासले की लोखंडाची पूड उडते आणि गंजते. डिझेल टाकीच्या तोंडाखाली ओला, चकाकता ओघळ असतो, कारण तिथे तेल सांडते. जाळ्यांखाली पावसाच्या उभ्या रेघा असतात. म्हणून पातळ केलेला रंग पुसताना ब्रश नेहमी वरून खाली ओढायचा, कारण पाणी आडवे वाहत नाही. ऊन वरून येते, तेव्हा लाल रंग छताजवळ विटलेला आणि खाली जरा ताजा. दाराच्या मुठी आणि पायऱ्यांच्या कडा हातापायांनी घासून उजळलेल्या.

मग येतो मुलूख. गोव्याच्या वाटेवर कॅसलरॉक ते कुळे या घाटात चढ ३७ला १ इतका कडक आहे. ओल्या रुळावर चाक घसरू नये म्हणून तिथे वाळू सोडतात, तिची फिकट पूड चाकांभोवती दिसते. त्यावर त्या भागातली तांबडी धूळ. ही धूळ मी चित्रकाराच्या पेस्टल खडूची कानशीवर पूड करून मऊ ब्रशने लावतो. असे इंजिन आणि विदर्भातल्या कोळशाच्या गाड्या ओढणारे इंजिन सारखे मळलेले कसे असेल?

तुम्ही म्हणाल, एवढ्या उठाठेवीची गरज काय? गरज अशी की हे जग आपल्या डोळ्यांदेखत संपले. डब्ल्यूडीएम-२ची बहुतेक इंजिने भंगारात गेली. काहींची ताकद वाढवून त्यांचे डब्ल्यूडीएम-३ए केले गेले. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले आणि देशातल्या ब्रॉडगेज मार्गांचेही जवळपास पूर्ण होत आले आहे. काही इंजिने संग्रहालयांत जपली आहेत, हे चांगलेच आहे. पण जपताना त्यांना धुतात, ताजा रंग देतात. इंजिन उरते, त्याने केलेले काम मात्र पुसले जाते. काजळी कुठे बसायची, घाटातून आल्यावर चाके कशी दिसायची, हे त्या चकचकीत अंगावरून नातवंडांना कळणार नाही.

म्हणून मॉडेल करताना मी एक इंजिन, एक शेड आणि एक वर्ष ठरवतो आणि त्या वर्षाचे फोटो शोधतो. गंमत म्हणजे सर्वांत उपयोगी फोटो घरगुती अल्बममध्ये सापडतात. फलाटावर मामा-मामी उभे, हातात फिरकीचा तांब्या, आणि मागे अर्धे इंजिन. फोटो मामा-मामींचा, पण मागच्या अर्ध्या इंजिनावर त्या दिवसाचा सगळा मळ जसाच्या तसा असतो.

कुणाला हा छंद सुरू करायचा असेल, तर एकदम इंजिनावर हात टाकू नका. एखादी जुनी, स्वस्त मालडब्याची प्रतिकृती घ्या, खडूची पूड आणि एक मऊ ब्रश घ्या. आणि ज्यांना यातले काहीच करायचे नाही, त्यांनी एवढे करावे. घरातले जुने अल्बम काढावेत आणि ज्या फोटोत मागे रेल्वे दिसते, त्यांच्या पाठीवर आठवेल तसे वर्ष आणि स्टेशनचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवावे. सांगणारी माणसे अजून घरात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.