झरीची सभा आणि रिकामी कबर

२३ मे १९४५ रोजी झरीला वारल्यांची सभा भरली. सुमारे पाच हजार माणसं जमली आणि यापुढे वेठ करायची नाही, असं ठरवून उठली. गोदावरी परुळेकरांनी त्या लढ्याची हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये सांगितली. ते पुस्तक आलं १९७० साली, पंचवीस वर्षांनी. येशूला क्रुसावर दिलं ते इ. स. ३०च्या आसपास. पुन्हा उठलेल्या येशूला कोणी कोणी पाहिलं, याची सर्वांत जुनी यादी पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, इ. स. ५५च्या सुमाराची. तिथंही पंचवीसच वर्षं.

म्हणून ‘इतक्या उशिरा लिहिलेलं कसं मानायचं?’ हा नेहमीचा आक्षेप मला लंगडा वाटतो. तो लावला तर झरीही हातची जाईल. खरा प्रश्न दावा कसला आहे हा. गांजलेली माणसं एकत्र येतात, वेठ नाकारतात, हे जगात घडत आलं आहे. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठतो, हे आपल्या कोणाच्या अनुभवात नाही. त्याला साक्षही तितकीच भक्कम हवी, असं तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८ साली बजावलं. पौल म्हणतो, पाचशेहून अधिक बंधूंना येशू एकाच वेळी दिसला. कुठं दिसला, हे तो सांगत नाही. त्या पाचशेंपैकी एकाचाही स्वतःचा शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही.

यावर ख्रिस्ती मंडळींचं सर्वांत वजनदार उत्तर असं, की शिष्यांनी या श्रद्धेपायी जीव दिले. खोट्यासाठी कोण मरेल? इथं मला तलवाडा आठवतो. झरीच्या सभेच्याच वर्षी १० ऑक्टोबरला गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, अशी हूल तिथं उठवली गेली. हजारो वारली तिथं जमले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं पडली, तरी लोक जागचे हलेनात. त्यांच्या निष्ठेत तसूभरही खोट नव्हती. निरोप मात्र खोटा होता. शिष्यांनाही मी लबाड म्हणणार नाही. त्यांना काहीतरी दिसलं, असं त्यांना मनापासून वाटलं असणार. पण त्यावरून कबरीत काय घडलं ते ठरत नाही.

आपल्याकडे हा वाद संस्कृतातही झडला. जॉन म्यूर यांनी १८३९ साली ख्रिस्ती धर्माच्या बाजूने ‘मतपरीक्षा’ लिहून संस्थापकाचे चमत्कार ही खऱ्या धर्माची एक खूण ठरवली. सिहोरचे मराठी पंडित सुबाजी बापू यांनी सोमनाथ या नावाने त्याला उत्तर दिलं. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४४ साली ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. चमत्काराला पुरावा मानायचं, तर पुराणांनी काय घोडं मारलं, हा पेच म्यूरना चुकवता येत नव्हता. आणि हेच गोरे १८४८ साली ख्रिस्ती झाले! त्यांना मी पळपुटे समजत नाही. एवढ्या तयारीचा माणूस दोन्ही तीरांवर राहून आला, म्हणून त्याचा प्रवास मला मोलाचा वाटतो.

युरोपात रायमारुसने शिष्यांवर प्रेत चोरल्याचा आळ घेतला. तो मला पटत नाही. श्ट्राउसने १८३५ साली या कथांना श्रद्धेतून घडलेली मिथकं म्हटलं, ते अधिक पटतं. कारण मजकूरच तसं बोलतो. कबरीपाशी मार्कला एक तरुण दिसतो, मत्तयाला एक देवदूत, लूकला दोन पुरुष, योहानाला दोन देवदूत. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत स्त्रिया घाबरून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत आणि शुभवर्तमान तिथंच संपतं. येशू दिसल्याचा पुढचा मजकूर मागाहून जोडलेला आहे.

माझ्या मते पुनरुत्थान इतिहासाने सिद्ध होत नाही. श्रद्धेने ते मानणाऱ्याशी माझं भांडण नाही. वाचकांनी माझ्या शब्दावर जाऊ नये. चारही शुभवर्तमानांचे शेवटचे अध्याय शेजारी शेजारी ठेवून एका बैठकीत वाचावेत.