जैविक गादीचा गोठा : छत किती, पाऊस किती

दक्षिण कोरिया व जपानमध्ये मांसासाठी वाढविली जाणारी जनावरे लाकडाच्या भुशाच्या जाड थरावर ठेवण्याची पद्धत रूढ आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गोहत्याबंदी वळू व बैलांनाही लागू असल्याने आपल्याकडे या गादीचा विचार प्रामुख्याने दुधाळ गायी-म्हशींच्या मुक्तसंचार गोठ्यासाठीच करावा लागतो.

पद्धतीचे मर्म साधे आहे. शेण-मूत्रातील नत्र आणि भुशातील कर्ब यांवर प्राणवायूच्या सान्निध्यात जिवाणू जगतात; त्यांच्या उष्णतेने ओल उडते व पृष्ठभाग कोरडा राहतो. गादी १५ ते ३० सेंटिमीटर खोलीवर ४५ ते ६० अंश सेल्सिअस तापावी, ओलावा ४० ते ६० टक्के असावा. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकले, तर ती बिघडली असे समजावे. गायी धारेला गेल्या की दिवसातून दोनदा गादी उकरावी. हा नेम मोडला की आतली हवा संपते, दुर्गंधी सुटते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. मग कासदाहाचा खर्च भुशाच्या खर्चाहून जड होतो.

ऊसपट्ट्यात हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते आणि पुष्कळदा जाळले जाते. ते येथे उपयोगी पडेल, पण बारीक कुट्टी करूनच. लांब पाचटाचा चिवट थर उकरता येत नाही. भुसा कोरडाच घ्यावा. ओल्या, ताज्या भुशातून कासदाहाचे जंतू येऊ शकतात.

खरी अडचण जागेची. आपल्याकडील प्रचलित शिफारशीनुसार मुक्त गोठ्यात गायीला सुमारे ३.५ चौरस मीटर छताखाली व ७ चौरस मीटर उघड्यावर जागा देतात. गादीला मात्र प्रत्येक गायीमागे निदान ९ चौरस मीटर छताखालीच हवेत. उघड्या अंगणात भुसा पसरून तिला जैविक गादी म्हणणे ही पहिल्या पावसापर्यंतचीच गोष्ट. कोकणात व घाटमाथ्यावर हवाच दमट, तेथे पावसाळ्यात नवा भुसा वारंवार घालावा लागतो. तो परवडत नसेल तर या वाटेला न जाणे बरे. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ही पद्धत अधिक सुकर ठरावी. गव्हाण व पाण्याची टाकी गादीबाहेर, पक्क्या ओट्यावर असावी.

काढलेली गादी थेट पिकाला देऊ नये. अर्धवट कुजलेला भुसा जमिनीतील नत्र ओढतो; ढीग करून, ओल राखून तो पुरता कुजू द्यावा.